डी अँड डी: तिरंदाज सगळं उरकतो, तलवारवाला नुसता धावतो

आडवा_फासा: डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांवर चालणाऱ्या भूमिका-खेळाचे २०१४चे नियम, पाचवी लेव्हल. दोन फायटर. लाँगबोवाल्याकडे शार्पशूटर, ग्रेटस्वर्डवाल्याकडे ग्रेट वेपन मास्टर ही फीट (खास कौशल्य), म्हणजे −५/+१० (नेमात ५ कमी, डॅमेजमध्ये १० जास्त) दोघांनाही. तरी तलवार पोचेपर्यंत निम्मे शत्रू पडलेले असतात. शार्पशूटरवर बंदी घालावी का?

वीस_बाजू: बंदी नको, आधी आकडे बघा. शत्रूचा एसी (बचावाचा आकडा; डी२० म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर बोनस धरून तेवढे आले तरच घाव लागतो) १५, दोघांचा मुख्य गुण १८ धरू. तिरंदाजाचा बोनस गुणाचे ४ + लेव्हलचे ३ + आर्चरी या लढण्याच्या शैलीचे २ = ९. त्यातून ५ गेले की ४, म्हणजे ११ पडायला हवेत: ५०%. सरासरी डॅमेज १८.५ (फाशाचे ४.५ + ४ + १०), बाणामागे ९.२५. तलवारवाल्याचे ७ मधून ५ गेले की २, १३ पडायला हवेत: ४०%. सरासरी २१ (फाशांचे ७ + ४ + १०), वारामागे ८.४, ग्रेट वेपन फायटिंग स्टाईल असली तर ८.९. (क्रिट, म्हणजे २० पडल्यावरचं जादा डॅमेज, धरलेले नाहीत.) वर मारही त्यानेच खायचा!

गोम आर्चरीच्या +२ मध्ये आहे. अर्ध्या आडोशाने शत्रूला मिळणारा +२ एसी तो बोनस फेडून टाकतो, पण शार्पशूटर अर्धा किंवा पाऊण आडोसा मानतच नाही. फीटमधलं तेवढं कलम काढा. मग मध्ये उभा असलेला आपला गडीही आडोसा ठरतो आणि बाण ७.४ वर येतो.

कोपरा_न_कोपरा: गणित ठीक, पण खरा घोळ नकाशाचा दिसतो. चकमक १२० फुटांवर सुरू झाली तर ३० फूट चालीचा माणूस डॅश करूनही (वार सोडून दुप्पट चाल) दोन फेऱ्या नुसता पळतो, तेवढ्यात चार बाण सुटतात. ४० फुटांवर सुरू करा. शत्रूचे नेमबाज कोपऱ्याआडून बाहेर येऊन, मारून, उरलेल्या चालीत परत आत जाऊ देत. मग तिरंदाजाला रेडी करून (शत्रू दिसताच मारायचं ठरवून) थांबावं लागतं, आणि रेडीत एकच बाण सुटतो. एक्स्ट्रा अटॅक (दुसरा वार) फक्त स्वतःच्या पाळीत चालतो.

शत्रूंना पाळीच्या शेवटी आडवं पडायला लावा. लांबून डिसअ‍ॅडव्हांटेज, ५ फुटांवरून अ‍ॅडव्हांटेज (आधीच्यात दोन फाशांपैकी लहान आकडा धरायचा, नंतरच्यात मोठा), तलवारवाल्याची चंगळ. नाहीतर फॉग क्लाउड हा धुक्याचा मंत्र.

वीस_बाजू: धुक्याने उलटंच होतं. दोघांनाही एकमेक दिसत नाहीत, म्हणून अ‍ॅडव्हांटेज-डिसअ‍ॅडव्हांटेजची फिटंफाट होऊन साधा डी२० पडतो. त्यात लांब पल्ल्याचं डिसअ‍ॅडव्हांटेजही गिळलं जातं. बाणच थांबवायचे तर विंड वॉल हा वाऱ्याच्या भिंतीचा मंत्र; भिंतीपलीकडच्यावर सोडलेला साधा बाण आपोआप चुकतो.

आडवा_फासा: दोन शत्रू थेट तिरंदाजाच्या अंगावर घातले तर?

कोपरा_न_कोपरा: चालेल. ५ फुटांत शत्रू असला की बाणाला डिसअ‍ॅडव्हांटेज, ५०% चे २५% होतात. सटकायचं म्हटलं तर दोघांचेही ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावर फुकटचा वार). फक्त पुढे क्रॉसबो एक्सपर्ट ही फीट घेतली की ५ फुटांचं हे डिसअ‍ॅडव्हांटेज जातं, आणि ते लाँगबोलाही लागू आहे. २०२४च्या नियमांत शार्पशूटरचे −५/+१० गेले, पण हीच सूट त्यात आली आहे, तेव्हा नवं पुस्तक घेतलं तरी नकाशा नीट काढावाच लागेल.