वडिलांच्या मागे राहिलेल्या औषधांचे काय करावे?

प्रश्न (खानापूर तालुका) : मामंजींच्या निधनानंतर त्यांच्या फडताळात रक्तदाबाच्या अर्धवट कापलेल्या पट्ट्या, इन्सुलिनच्या दोन बाटल्या, वापरलेल्या सुया आणि डबीत सुट्या काढून ठेवलेल्या ॲस्पिरिनच्या गोळ्या सापडल्या. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींनासुद्धा ओल येते. डबी उघडली तेव्हा चक्क व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. सासूबाई म्हणतात, सगळे न्हाणीच्या चुलीत घालावे. ते योग्य आहे का?

उत्तर १ (बेळगाव, औषध दुकानात नोकरी) : वहिनी, तो वास म्हणजे ॲस्पिरिन ओलाव्याने विघटित होऊन ॲसेटिक ॲसिड तयार झाल्याची खूण आहे, तारीख उरली असली तरी त्या गोळ्या टाकूनच द्याव्यात. गोळ्या पट्टीतून काढून ठेवू नयेत, आणि पट्टी कापताना मुदतीची तारीख छापलेले टोक शेवटपर्यंत राखावे, कारण ते आधी कापले की उरलेल्या गोळ्या निनावी होतात. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावे लागते. तुमच्या बाटल्या फडताळात होत्या, तेव्हा त्या कोणालाही देऊ नका. उरलेली रक्तदाबाची औषधे शेजाऱ्यांना देण्याचा मोहही टाळावा, मग ती कितीही महाग असोत.

उत्तर २ (निपाणी) : चुलीत मुळीच घालू नका, पट्टीचे प्लॅस्टिक जळाले की त्याचा धूर घरातल्यांच्याच छातीत जातो. विहिरीजवळ पुरणेही नको. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मुदत संपलेली औषधे आणि वापरलेल्या सुया यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती, म्हणून त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या बांधून कचरागाडीवाल्याला सांगून द्याव्यात. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावावे. गाडी येत नसेल तर गोळ्या पट्टीतून काढून, चहाचा चोथा आणि माती यांत कालवून, पिशवीत बांधून टाकाव्यात, म्हणजे मुलांच्या किंवा गुरांच्या तोंडी लागणार नाहीत. रिकाम्या पाकिटावरील रुग्णाचे नाव तेवढे खोडावे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. आमच्या वाडीत गाडी येत नाही, त्यामुळे सुयांची बाटली तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात स्वीकारतात का, हे सोमवारी विचारून येते. चोथा सासूबाईंनी आजपासूनच राखून ठेवला आहे.