नाक्यावरच्या बंजारा कामगारांशी एचआयव्हीबद्दल बोलायचं कसं?

मानखुर्दकर: मी इथल्या वस्तीत आरोग्याचं काम करते. सकाळी सातला नाक्यावर पत्रकं वाटते, सगळी मराठीत. परवा एका दादांनी पत्रकाची घडी करून त्यात तंबाखू बांधली. वाईट वाटलं, पण त्यांचं काय चुकलं? घरात गोरबोली, म्हणजे बंजारा बोली, आणि वाचता येत नाही. बायका तर पदर ओढून गप्पच. काय करू?

गोरमाटी_पोर: ताई, पत्रकं सोडा. आधी नायकांकडे, म्हणजे आमच्या वस्तीच्या प्रमुखांकडे, चहाला जा, त्यांच्या शब्दाला मान आहे. बायकांशी आमच्यातलीच एखादी याडी, म्हणजे आईसारखी बाई, बोलू दे, गोरबोलीत. ‘गुप्तरोग’ म्हटलं की माझी आई उठून जायची. ‘पोटातल्या बाळाला लागण होऊ नये म्हणून तपासणी’ असं समजावल्यावर तीच वहिनीला घेऊन गेली.

जुनी_परिचारिका: खरी भीती नाव फुटण्याची असते. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, निकालही गुप्त ठेवावा लागतो, हे आधी सांगा. सरकारी केंद्रात तपासणी आणि एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या मोफत आहेत. होळीला गावी जाणाऱ्यांनी गोळ्या आधीच घेऊन ठेवाव्यात, खंड नको. शंका असेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन लावा.

मानखुर्दकर: रविवारी नायककाकांकडे जाते.