घरच्या घरी सगळ्यांचा एक फोटो : तुमचे अनुभव लिहा

पुढच्या महिन्यात सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यांना जिना उतरवत नाही, म्हणून कार्यक्रम घरीच. त्यांची इच्छा एकच : सगळ्यांचा एक फोटो हवा, मागे देवघर दिसेल असा. माणसं चौदा, हॉल दहा बाय चौदाचा. गेल्या रविवारी रंगीत तालीम केली, अठ्ठावीस फोटो काढले, एकही मनासारखा आला नाही. फ्लॅश मारला की देवांच्या तसबिरींच्या काचा चमकतात. कडेला उभे असलेले दीर आणि नणंद ताणल्यासारखे रुंद दिसतात. टायमर लावून मी जागेवर पोचेपर्यंत धाकटी उठून गेलेली असते. फोटोग्राफर बोलवावा असं सगळे सुचवतात, पण परक्या माणसासमोर सासूबाई अगदी अवघडून जातात. ज्यांनी घरातच असा फोटो काढलाय त्यांनी सविस्तर लिहा, मला खरंच गरज आहे.

•

कडेची माणसं रुंद दिसतात ती वाइड लेन्समुळे. फोन जवळ ठेवून सगळ्यांना मावायला गेलं की हे होतंच. आमचाही हॉल लहान. आम्ही घराचं दार उघडून ट्रायपॉड बाहेर पॅसेजमध्ये, शेजाऱ्यांच्या दाराशी ठेवला आणि फोनच्या २एक्स झूमवर फोटो घेतला. एकदम फरक पडला.

तसबिरींसाठी एक उपाय : वरच्या कडेमागे पुठ्ठ्याची घडी सरकवा. तसबीर थोडी पुढे झुकते आणि चमक जमिनीकडे जाते. खरं तर फ्लॅश नकोच. सकाळी माणसांची तोंडं खिडकीकडे येतील असं बसवा आणि घरातले दिवे बंद करा, नाहीतर चेहऱ्याची एक बाजू पिवळी, दुसरी निळसर येते. ट्यूब लावावीच लागली तर शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. शटर त्याहून वेगवान झालं की फोटोत आडवे पट्टे उमटतात. माझ्या मुंजीच्या, माफ करा, मुलाच्या मुंजीच्या निम्म्या फोटोंत ते आहेत आणि ते आता निघत नाहीत.

•

डोळे मिटण्याबद्दल : ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेच्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी यावर गणित मांडलं होतं, गमतीदार संशोधनाला देतात ते २००६ चं इग नोबेलही त्यांना मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर संख्येला तीनने भागा, उजेड कमी असेल तर दोनने. तेवढे फोटो काढले की एका तरी फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची खूप शक्यता असते. तुमच्याकडे पाच, फार तर सात. मी हेच धरून चालतो. अठ्ठावीस काढेपर्यंत म्हातारी माणसं थकतात आणि चेहऱ्यावर ते दिसतं.

•

आमचं घर गुहागरकडे. गणपतीत सगळे जमतात. माजघरात अंधार, म्हणून फोटो खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात. पण उन्हात सुपारीच्या झावळ्यांची सावली चेहऱ्यांवर ठिपक्यांसारखी पडते, त्यामुळे आम्ही मळभ यायची वाट बघतो. भाद्रपदात ते येतंच.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. आत्या तरुणपणी विधवा झाली, तेव्हापासून फोटोच्या वेळी ती चुलीपाशी काहीतरी काम काढायची. “मंगल फोटोत मी कशाला गं,” म्हणायची. आम्हीही दोनदा हाक मारून सोडून द्यायचो. याचं मला आज फार वाईट वाटतं. गेल्या वर्षी पुतणीने खुर्ची मांडली आणि आत्या येऊन बसेपर्यंत आपण कोणीच उभं राहायचं नाही, असं सांगितलं. मळभ आलं आणि गेलं, परत आलं. मग आत्या पदराला हात पुसत आली. फोटोत तिच्या हाताला मोदकाचं पीठ आहे.

•

टायमर सोडा, ब्लूटूथचं छोटं बटण मिळतं ते घ्या. आमच्या आजोबांना कंपवात आहे, फोन धरता येत नाही, पण बटण मुठीत बसतं. ते दाबायचं काम त्यांना दिलं. कॅमेऱ्याकडे कधीच न बघणारे आजोबा टक लावून समोर बघत होते.

•

मी न्यू जर्सीला असते. आईच्या पंचाहत्तरीच्या फोटोत मी टॅबवर होते. तिकडे सकाळचे साडेआठ, इथे आदल्या रात्रीचे दहा. पहिल्या फोटोंत माझ्या जागी नुसता पांढरा चौकोन आला. भावाने स्क्रीनचा उजेड निम्मा केला, टॅब खिडकीपासून जरा तिरका केला, तेव्हा चेहरा दिसला. आईने टॅब कोणाच्या हातात दिला नाही. माझ्या नेहमीच्या खुर्चीवर, मागे उशी लावून ठेवला.

•

सगळ्यांचे मनापासून आभार. पॅसेजचं आजच बघून आले, शेजारच्या काकूंनी आनंदाने हो म्हटलं. आणि सासूबाईंना बटणाबद्दल सांगितलं, तर त्यांनी विचारलं, “म्हणजे फोटो मी काढायचा?” त्या तेव्हापासून खुशीत आहेत. एवढंच सांगा, ते बटण पाच-सहा वर्षं जुन्या फोनला जोडता येतं का?