ॲप्लिकेशन सर्व्हर: ‘फुकट’ घेणारे शहाणे आणि पैसे मोजणारे मूर्ख?

रानजाई

परवा इथेच सह्यकडा यांनी लिहिलं, की टॉमकॅट आणि वाइल्डफ्लाय हे ॲप्लिकेशन सर्व्हर (ज्यावर जावा भाषेतले प्रोग्रॅम चालतात ते सॉफ्टवेअर) फुकट मिळत असताना ओरॅकलच्या वेबलॉजिकला किंवा आयबीएमच्या वेबस्फिअरला पैसे मोजणारा आयटी प्रमुख एकतर आळशी असतो, नाहीतर त्याचं आतून काहीतरी ठरलेलं असतं. तिथेच प्रतिसाद द्यायला बसले, पण लांबला, म्हणून वेगळा धागा.

मी एका नागरी सहकारी बँकेत हेच काम करते. आमचं कुणाशी काही ठरलेलं नाही. आळशी म्हणायचं असेल तर एकदा शनिवारी रात्री पॅचिंगला, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या (पॅच) चढवायला, येऊन बसा. आमचं कोअर बँकिंग, म्हणजे सगळी खाती सांभाळणारी मुख्य प्रणाली, ईजेबी (व्यवहाराचे घटक चालवणारी) आणि जेएमएस (प्रोग्रॅममध्ये निरोप पोचवणारी) या जावाच्या दोन सोयींवर उभं आहे, आणि नुसत्या टॉमकॅटमध्ये ही दोन्ही नाहीत. ज्या कंपनीचं ॲप्लिकेशन आहे, ती ज्या सर्व्हरवर तपासून देते त्याच सर्व्हरवर सपोर्ट देते. दुसरीकडे हलवलं आणि मार्चअखेरीला दिवसअखेरचा हिशोब (डे-एंड) अडकला, तर पहिल्याच फोनला ती हात वर करणार. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली, तेव्हापासून पॅच वेळेवर लावले का याचं उत्तर आम्हाला लेखी द्यावं लागतं. ‘कम्युनिटी बघून घेईल’ असं त्या रकान्यात लिहिता येत नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. लायसन्स निवडताना सगळे किंमत बघतात. बघायचं असतं ते माप. कोअर (चिपच्या आतले गणनेचे भाग) मोजणार, सॉकेट (मशीनमधल्या चिपच्या जागा) मोजणार, वापरणारे मोजणार की कंपनीतली माणसं मोजणार? आणि ते वाढणं-कमी होणं आपल्या हातात आहे का?

वेबलॉजिकचंच घ्या. ओरॅकलच्या जाहीर दरपत्रकात एंटरप्राइज एडिशन प्रोसेसरमागे २५,००० डॉलर आहे. इंटेलच्या चिपला कोअर फॅक्टर, म्हणजे कोअरच्या संख्येला गुणायचा आकडा, ०.५. म्हणजे दोन सॉकेट आणि प्रत्येकी १६ कोअर असलेल्या एका मशीनचे झाले १६ प्रोसेसर, ४ लाख डॉलर. वर दरसाल २२ टक्के सपोर्ट, ८८,००० डॉलर. भाव करून सूट मिळते, पण ती किमतीत मिळते, मोजायच्या नियमात नाही. स्टँडर्ड एडिशन १०,०००ला आहे आणि ती सॉकेटवर मोजतात, त्यामुळे त्याच मशीनला फक्त दोन लागतात. मात्र तिच्यात क्लस्टरिंग (अनेक सर्व्हर जोडून एकासारखे चालवणं) नाही. रजेचे अर्ज भरायच्या ॲपला क्लस्टर कशाला हवा? तिथे एंटरप्राइज घेणाऱ्याला मीही बोल लावीन. नेमड यूजर, म्हणजे वापरणाऱ्यांच्या डोक्यांवर मोजलेलं लायसन्स, स्वस्त दिसतं, पण इंटरनेट बँकिंगला ते चालत नाही, कारण मध्ये वेब सर्व्हर उभा केला तरी पलीकडचा प्रत्येक खातेदार मोजला जातो.

हे गणित न मांडता सरसकट ‘फुकट घ्या’ म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे.

सह्यकडा

रानजाई, माझं वाक्य बोचलं असेल तर बोचू द्या, मी ते मागे घेत नाही. तुम्ही टॉमकॅट नाही म्हणालात आणि वाइल्डफ्लायला सोयीस्करपणे बगल दिलीत. वाइल्डफ्लायमध्ये ईजेबी आहे, जेएमएस आहे, क्लस्टरिंगही आहे. त्याच घराण्यातलं जेबॉस ईएपी सबस्क्रिप्शनवर मिळतं, पाठीशी रेड हॅटचा सपोर्ट असतो. मग अडतं कुठे? ‘ॲप्लिकेशनवाली कंपनी तपासून देत नाही’ इथे. म्हणजे निवड तुमची नाहीच, तिची आहे, आणि तिच्या सोयीची किंमत तुमचे ठेवीदार भरतात.

डॉलरचं तर कुणी बोलतच नाही. २०१४ मध्ये डॉलर ६०-६२ रुपयांना होता, २०२४ मध्ये ८३-८४. सपोर्टचा डॉलरमधला आकडा एका पैशानेही वाढला नाही असं धरलं तरी रुपयात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढला. त्यात कोअर कमी करून पैसे वाचवू म्हणाल, तर काही लायसन्स सोडल्यावर उरलेल्यांच्या सपोर्टचा दर नव्याने लावतात आणि बिल जवळपास तिथेच राहतं. हे तुमच्या ‘मापात’ बसतं का?

केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स (ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते सॉफ्टवेअर) वापराचं धोरण काढलं. ओपन सोर्सचा आधी विचार करा आणि बंदिस्त सॉफ्टवेअर घ्यायचं असेल तर कारण लिहा, असं सरकारी खात्यांना सांगितलं. तुमची बँक त्यात येत नसेल, पण कारण लिहून ठेवायला तुम्हाला कुणी अडवलंय?

अवधूत_सांगली

दोघंही कागदावरचं बोलताय राव. आमच्याकडे काय झालं ते सांगतो. उत्पादनाचं नाव लिहीत नाही.

सुटे भाग बनवणारी कंपनी. पार्टनरचा, म्हणजे लायसन्स विकणाऱ्या मध्यस्थ कंपनीचा माणूस म्हणाला, तुमची ॲप दोन व्हर्च्युअल मशीनवर (खऱ्या मशीनच्या आत बनवलेल्या आभासी मशीनवर) आहेत, तेवढ्याच कोअरचं लायसन्स घ्या. खरेदीच्या ऑर्डरमध्ये तसंच लिहिलं. पुढे मूळ कंपनीचं ऑडिटचं पत्र आलं. त्यांनी व्हर्च्युअल मशीनचे (व्हीएम) कोअर बघितलेच नाहीत, अख्ख्या क्लस्टरचे होस्ट, म्हणजे खालची खरी मशीन, मोजले. आम्ही त्या पार्टनरला फोन लावला तर सेल्सवाला नोकरी सोडून गेलेला, आणि त्याच्या जागी आलेला म्हणतो, आमच्याकडे तसं लेखी काही नाही. आमच्या पर्चेसच्या साहेबांनी त्या आठवड्यात जेवण सोडलं होतं. शेवटी तडजोड झाली ती अशी, की आम्हाला नको असलेली तीन वर्षांची क्लाउडची क्रेडिट (इंटरनेटवरचे सर्व्हर वापरायचे आगाऊ पैसे) गळ्यात पडली.

ॲप्लिकेशन सर्व्हर कोणताही घ्या. व्हर्च्युअलायझेशनची टीम आणि लायसन्सवाला माणूस एका खोलीत बसवल्याशिवाय सही करू नका. होस्ट वाढवणाऱ्याला लायसन्सचं काही माहीत नसतं, आणि लायसन्सवाल्याला होस्ट वाढल्याचं कळतच नाही.

निरंजन_ठाणे

अवधूत, तुमच्या कराराचे शब्द काय होते? सगळा खेळ तिथे आहे. व्हीएमवेअर या व्हीएम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरने केलेल्या वाटणीला ओरॅकल सॉफ्ट पार्टिशनिंग (मोजणीत न धरायची वाटणी) मानते आणि अख्खे होस्ट मोजते. पण ज्या कागदात हे लिहिलंय त्याच कागदात तो केवळ माहितीसाठी असून कराराचा भाग नाही, असंही लिहिलंय. करारात शब्द असतात ‘इन्स्टॉल केलेले किंवा चालू असलेले’ प्रोसेसर. व्हीएम उद्या ज्या होस्टवर सरकू शकेल, त्यावर सॉफ्टवेअर आज इन्स्टॉल झालंय असं होत नाही. घाबरून तडजोड करणाऱ्यांमुळेच ही प्रथा पडली आहे.

आयबीएमचं वेगळं. त्यांची पीव्हीयू (कोअरच्या ताकदीनुसार गुण मोजायची) पद्धत व्हीएमपुरतं मोजू देते, पण आयएलएमटी हे त्यांचं मोजणीचं टूल ९० दिवसांत बसवायचं, तिमाहीला अहवाल काढायचा आणि दोन वर्षं जपून ठेवायचा. नाही केलं तर पूर्ण मशीन. नियम कडक आहे, पण आधी सांगितलेला आहे.

अवधूत_सांगली

शब्द तुमच्या बाजूचे होते तरी कंपनी कोर्टात उभी करायला किती संचालक तयार होतात, ते बघितलंय का कधी? ‘घाबरून’ म्हणू नका. तीनशे लोकांची कंपनी आहे, वकील वसईचा आणि त्यांचा वकील सिंगापूरचा.

म्युनिककर

इथे जर्मनीत एक गोष्ट चालते, ती तुमच्या चर्चेत कुठेच आली नाही. युरोपियन न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये जुनी लायसन्स विकणाऱ्या यूजडसॉफ्ट कंपनीच्या खटल्यात ओरॅकलच्या विरोधात निकाल दिला, की कायमस्वरूपी विकलेलं लायसन्स पुढे विकता येतं. मी ज्यांच्याकडे काम केलं त्यांनी जुनी लायसन्स विकूनच स्थलांतराचा बराचसा खर्च काढला. त्यामुळे सबस्क्रिप्शन आलं की मी सावध होतो. ते घरभाडं आहे, संपलं की हातात काही उरत नाही.

सह्यकडा

जेबॉसचं सबस्क्रिप्शन संपलं तरी कोड ओपन सोर्सच राहतो, सर्व्हर बंद पडत नाही. पॅच आणि सपोर्ट थांबतो. सगळं सबस्क्रिप्शन एका तराजूत नका घालू.

कृष्णाकाठ

तुमचे कोअर-सॉकेट ठीक आहेत, पण माणसं मोजणाऱ्या लायसन्सवर कुणीच बोलेना म्हणून लिहितो. आमचा साखर कारखाना. वजनकाट्याच्या केबिनमध्ये पीसी आहे, ट्रॅक्टर-ट्रॉली काट्यावर चढली की वजन त्याच्यावर उतरतं. तो प्रोग्रॅम जावाचा. असे पाच-सहा पीसी आणि एक सर्व्हर.

जानेवारी २०२३ पासून ओरॅकलचं जावा कर्मचाऱ्यांच्या संख्येवर आहे. ९९९ पर्यंत माणसामागे महिन्याला १५ डॉलर. आमचे कायम आणि हंगामी धरून ८००. वर्षाला १,४४,००० डॉलर होतात! काट्यावरच्या पाच-सहा पीसींसाठी! आणि व्याख्येत ठेकेदारांची माणसंही येतात, जी आपल्या अंतर्गत कामाला हातभार लावतात ती. कोटेशन घेऊन आलेल्या माणसाने विचारलं, “तोडणीचे मजूर किती?” आमच्या शेतकी अधिकाऱ्याच्या तोंडून शब्द फुटेना.

निरंजन_ठाणे

तोडणी मजूर ‘अंतर्गत कामकाज’ कसे होतील? त्यांचा करार मुकादमाशी असतो. मी असतो तर त्या माणसाला गेटबाहेर काढलं असतं.

मांजरसुंबा

थांबा जरा. निरंजन, “त्यांचा करार मुकादमाशी” हे वाक्य तुम्ही किती सहज टाकलंत. माझे आई-वडील वीस वर्षं कोल्हापूर-सांगलीकडे तोडीला जायचे. उचल मुकादमाकडून, फड (तोडायचं उसाचं शेत) कारखाना ठरवणार, गाडी कधी भरायची ते कारखाना सांगणार. पण फडात बाई बाळंत झाली की कारखाना म्हणणार, आमचा काय संबंध. मजुरीच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असला तर अर्धा. माझ्या आईची मजुरी कधी तिच्या नावाने लिहिलीच गेली नाही. आणि आता जावाच्या हिशोबाला तिला एक पूर्ण माणूस मोजायचं म्हटल्यावर सगळ्यांना घाम फुटलाय?

कृष्णाकाठ

ताई, मी कारखान्यात कारकून आहे, मालक नाही. इथे सॉफ्टवेअरचं चाललंय.

मांजरसुंबा

ताई नाही, दादा. आणि सॉफ्टवेअरचंच बोलतोय. मी जावातच काम करतो. कोण मोजला जातो आणि कोण नाही, हे ज्याच्या हातात लेखणी आहे तो ठरवतो. रानजाई यांचा धागा त्यावरच आहे ना?

निरंजन_ठाणे

माझा रोख करारातल्या शब्दांकडे होता, मजुरांकडे नव्हता. तुम्ही जे लिहिलंत ते खरं आहे, त्यावर मी वाद घालणार नाही. पण ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ झालंय, तिथे हा लढा द्या. लायसन्सच्या व्याख्येत आणू नका.

मांजरसुंबा

महामंडळ झालं, आणि आई अजून अर्धाच कोयता आहे. असो. कृष्णाकाठ, तुमच्या काट्याचं उत्तर सोपं आहे, एक पैसा देऊ नका. ॲडॉप्टियमचं टेम्युरिन किंवा ॲमेझॉनचं कोरेटो घ्या, दोन्ही ओपनजेडीके (जावाची खुली आवृत्ती), दोन्ही फुकट. आधी एका पीसीवर बसवा, काट्याच्या सिरियल पोर्टचा ड्रायव्हर (वजन पीसीत उतरवणारा प्रोग्रॅम) नीट बोलतो का बघा, मग बाकीचे बदला. जुनं जावा काढून टाकल्याची तारीख आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. गाळप सुरू व्हायच्या आत करा, हंगामात काट्याला हात लावू नका.

कृष्णाकाठ

हे कामाचं आहे. आभारी आहे. आणि मघाचं माझं वाक्य तुटक होतं, मनावर घेऊ नका.

रानजाई

धागा फडापर्यंत गेला याचं मला वाईट वाटत नाही. मांजरसुंबा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या टीमला वाचून दाखवला.

आता सह्यकडांकडे वळते. वाइल्डफ्लायमध्ये ईजेबी-जेएमएस आहे, मान्य, मी तिथे टॉमकॅटवरच थांबले होते. पण वाइल्डफ्लायची नवी आवृत्ती साधारण दर तीन महिन्यांनी येते आणि दुरुस्त्या तिच्यातच येतात. जुन्या आवृत्तीवर बसून राहता येत नाही. कोअर बँकिंग तिमाहीला हलवायची आमची ताकद नाही. टॉमकॅट ८.५ चा सपोर्ट मार्च २०२४ मध्ये संपला. आजचा ९ चालतो, पण १० वर जायचं तर कोडमधली ‘जावाएक्स’ नावाने सुरू होणारी जावा ईईची (सर्व्हरसाठीच्या जावाची) पॅकेज ‘जकार्ता’ नावाने बदलावी लागतात. त्या कामाचं बिल कुणाच्याच दरपत्रकात नसतं. आणि फुकटाचा मालकही बदलतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये ओरॅकलने ग्लासफिश या खुल्या ॲप्लिकेशन सर्व्हरचा व्यावसायिक सपोर्ट थांबवायचं ठरवलं, तेव्हा त्यावर उभे असलेले लोक रस्त्यावर आले. पुढे त्याच कोडवरून पायारा निघालं म्हणून निभावलं.

सह्यकडा

ग्लासफिशचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. कोड खुला होता म्हणूनच पायारा निघू शकलं. वेबलॉजिकच्या बाबतीत २००८ मध्ये ते बनवणारी बीईए कंपनी ओरॅकलला साडेआठ अब्ज डॉलरला विकली गेली, तेव्हा ग्राहकांपुढे असा कोणता पर्याय होता? नव्या मालकाच्या नियमाने चालायचं. आणि पॅचची जबाबदारी म्हणाल, तर २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावाच्या लायब्ररीतलं भगदाड विकतच्या उत्पादनांतही होतंच.

तरी तिमाहीच्या आवृत्त्यांचा मुद्दा बरोबर आहे, एवढं लिहून ठेवतो. दहा माणसांच्या आयटीला वाइल्डफ्लाय झेपणार नाही. पण त्याचं उत्तर वेबलॉजिक होत नाही, सबस्क्रिप्शनवाला ईएपी होतं. नवीन काहीही तुम्ही त्यावर का घेत नाही, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

रानजाई

घेतोय. मोबाइल बँकिंगचा मधला थर (ॲप आणि कोअर बँकिंग यांना जोडणारा) यंदा निविदेत आहे, तिथे अट घातली आहे की ॲप्लिकेशन किमान दोन सर्व्हरवर तपासून दिलेलं हवं आणि त्यातला एक ओपन सोर्स हवा. कोअर बँकिंग मात्र करार संपेपर्यंत आहे तिथेच राहील. त्यासाठी वेगळे दोन होस्ट काढून ठेवले आहेत, मोठ्या क्लस्टरला जोडलेलेच नाहीत. व्हर्च्युअलायझेशनच्या टीमला ते आवडलं नाही, पण आता कोअर किती हे मला माझ्या टेबलावरून सांगता येतं.

अवधूत_सांगली

वेगळे होस्ट काढलेत ते बेस केलंत. निविदेतल्या त्या अटीचा मसुदा इथे टाकाल का? आणि पार्टनरने मोजणीबद्दल जे सांगितलं ते मूळ कंपनीच्या सहीने लेखी हवं, अशी ओळ त्यात आहे का?

रानजाई

ती ओळ नव्हती. आज घालते, मग मसुदा टाकते.