मदत हवी आहे : लिनक्सवरून छोटी पॅकेट जातात, मोठी अडकतात

खाडीकाठ : रत्नागिरीत मिरकरवाडा जेटीवर लिनक्सची पेटी आहे, कॅमेऱ्याचे फोटो पुण्याच्या सर्व्हरला पाठवते. एसएसएच (दुरून लॉगिन) लगेच लागतं, फोटो मात्र सुरू होऊन लटकतो आणि पंधराएक मिनिटांनी टाइमआउट. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० असताना टीसीपीडम्पमध्ये (पॅकेट टिपून दाखवणारं साधन) २८९६ बाइटची पॅकेट आणि चेकसम (डेटा तपासायची बेरीज) चुकीचा दिसतोय. कर्नल (लिनक्सचा गाभा) पॅकेट चुकीची बांधतोय का? राउटर पीपीपीओई (इंटरनेट कंपनीकडे लॉगिन करून चालणारी जोडणी). पेटीच्या फायरवॉलमध्ये आयसीएमपीपैकी (नेटवर्कचे चुकांचे निरोप, पिंग वगैरे) फक्त पिंगचं उत्तर आत येतं.

माडबन : कर्नल बरोबर आहे हो. टीसीपी (डेटा नीट पोचल्याची खात्री करणारा थर) डेटा एसकेबीमध्ये (कर्नलची पॅकेट ठेवायची जागा) घेताना पुढे मोकळी जागा राखतो. त्या जागेत आधी टीसीपी, मग आयपी, शेवटी इथरनेट हेडर बसतं, डेटा हलत नाही. मग क्यूडिस्क (पाठवायची रांग), ड्रायव्हर, नेटवर्क कार्डाची टीएक्स रिंग (कार्डाने उचलायच्या पॅकेटची यादी). टीएसओ (मोठं पॅकेट तोडायचं काम कार्डावर सोपवणं) चालू असेल तर तुकडे आणि चेकसम दोन्ही कार्ड करतं, आणि टीसीपीडम्प त्याच्या आधीच बघतो. २८९६ म्हणजे १४४८ चे दोन (१५०० तून हेडरचे ५२ गेले की १४४८). ईथटूलने (कार्डाची सेटिंग बघायची-बदलायची आज्ञा) टीएसओ बंद करून बघा, आकडा उतरेल.

खरा घोळ वेगळा. पीपीपीओई ८ बाइट खातं, म्हणून राउटरपुढे १४९२ च जातात. तुमची १५०० ची पॅकेट 'तुकडे करू नका' असा बिट लावून निघतात. राउटर ती टाकतो आणि आयसीएमपी टाइप ३ कोड ४ ('पॅकेट मोठं आहे, तुकडे हवेत') पाठवतो. तोच निरोप तुमची फायरवॉल गिळतेय. टीसीपीने पोच येईपर्यंत मूळ एसकेबी धरून ठेवलेला असतो, तोच पुन्हापुन्हा पाठवतो, दर वेळी थांबा दुप्पट, कमाल दोन मिनिटांपर्यंत. डीफॉल्ट १५ फेऱ्या म्हणजे तुमची पंधराएक मिनिटं.

पिंगला 'डू' पर्याय (तुकडे न करण्याचा) लावून आकार १४६४ द्या (हेडरचे २८ धरून १४९२), मग १४७२. पहिलं चालून दुसरं गप्प राहिलं तर हेच. फायरवॉलच्या इनपुट साखळीत टाइप ३ कोड ४ आत येऊ द्या. राउटर हातात असेल तर एमएसएस क्लॅम्पही (टीसीपीच्या तुकड्याचा आकार आधीच कमी ठरवणं) लावा. एमटीयू प्रोबिंग (कर्नलने चालणारा आकार स्वतः चाचपणं) १ केलंत तरी फोटो जातील, पण तो तात्पुरता इलाज.

घाटपायथा : खाऱ्या हवेने आरजे-४५ च्या (नेटवर्क केबलच्या टोकाच्या) पिना हिरव्या पडतात, तेही तपासा. ईथटूलच्या आकडेवारीत सीआरसी चुका (वाटेत बिघडून आलेला डेटा) वाढत असतील तर केबल बदला. पण एसएसएच सुरळीत म्हणताय, तेव्हा मीही आधी आयसीएमपीच बघेन.

खाडीकाठ : १४६४ चालतं, १४७२ ला शांतता. नियम घातला, फोटो गेले. चेकसम अजून चुकीचाच दिसतोय.

माडबन : दिसू दे. सर्व्हरच्या बाजूने बघा, तिथे बरोबर असेल.