मदत हवी आहे: पावसात घोडीच्या पायाला खपल्या आणि खुराला घाण वास

मंडळी, जरा घाईत लिहितोय, सांभाळून घ्या. आमची घोडी आठ वर्षांची, पंचकल्याणी, म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा. तीन आठवडे पाऊस काही थांबायचं नाव घेत नाहीये, तबेल्यासमोर नुसता चिखल. आधी मागच्या पायांना, खुराच्या वर जिथे वाकतो ना तो भाग, तिथे खपल्या आल्या. मी म्हटलं चिखलाने झालंय, म्हणून रोज संध्याकाळी पाइप लावून पाय स्वच्छ धुवायला लागलो आणि परत पाणी लागू नये म्हणून वरून जाड तेल चोपडलं. तर कमी व्हायच्या ऐवजी भेगा पडल्या, आता हात लावला की पाय झटकते.

पाठीवर पण तसंच. खरारा करताना केसांचा झुबका खपलीसकट हातात येतो, अगदी रंगाच्या ब्रशचं टोक तुटून यावं तसा, खाली गुलाबी ओलसर कातडी. फंगसचं मलम लावून झालं, ढिम्म फरक नाही. आणि काल पुढचा डावा खूर उचलून कोरला तर असा वास आला की मी तोंड फिरवलं. काळं चिकट काहीतरी निघालं. लंगडत नाहीये अजून. खपल्या काढायच्या का तशाच ठेवायच्या? धुवायचं की नाही?

प्रतिसाद १:
पाइप आधी बंद करा. चिखलापेक्षा ओल जास्त नडते, तुम्ही रोज कातडी भिजवताय आणि वर तेलाचं झाकण घालताय, जंतूंना अजून काय पाहिजे. पाठीवरचं बहुतेक रेन रॉट दिसतंय. तो डर्मॅटोफिलस नावाचा बॅक्टेरिया, बुरशीसारखे धागे काढतो म्हणून सगळे फंगस समजून फसतात, मी पण एक अख्खा पावसाळा फसलोय. पायावरही बरेचदा तोच असतो, पण तिथे माइट्स, म्हणजे कातडीतले बारीक किडे, पण असू शकतात, त्यामुळे आठवड्याभरात फरक नाही पडला तर डॉक्टरांकडून खपली तपासून घ्या.

खपल्या कोरड्या ओढू नका, दुखतं आणि लाथ बसते ती वेगळी. क्लोरहेक्सिडीनच्या शाम्पूचा फेस करून दहा मिनिटं राहू द्या, मऊ होऊन सुटतील तेवढ्याच काढा, उरलेल्या पुढच्या वेळी. मग नीट धुवा आणि टॉवेलने टिपून टिपून खडखडीत कोरडं करा, खरं औषध ते आहे. हे आठवड्यातून दोनतीनदा, रोज नको. मधल्या दिवशी चिखल वाळू द्या आणि ब्रशने झाडा. ग्लोव्हज घाला, माणसालाही लागतं हे. खरारा, झूल, खोगीर दुसऱ्या घोड्याला वापरू नका.

प्रतिसाद २:
+१. खुराचं थ्रश आहे, म्हणजे तळव्याचा मऊ भाग सडतोय, वासावरूनच कळतं. तळव्यात मधोमध तो रबरासारखा त्रिकोणी भाग असतो ना, फ्रॉग, त्याच्या बाजूच्या खाचांत आणि टाचेकडच्या मधल्या चिरेत बघा. मधल्या चिरेत खूर कोरायच्या आकडीचं टोक आत गायब होत असेल तर प्रकरण खोल गेलंय. नालबंदाला बोलवून लोंबणारा सडका भाग काढून घ्या, स्वतः चाकू चालवू नका. मग रोज कोरून, सुकवून, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये कापसाची वात भिजवून चिरेत बसवायची, दुसऱ्या दिवशी बदलायची. मोरचुदाची पूड किंवा फॉर्मलीन कच्च्या भागावर टाकायला कोणी सांगेल, ऐकू नका, चांगलं मांस पण जळतं. आणि खाली लीदमुताचा ओला थर असेल तर हे सगळं फुकट.

एकदम लंगडायला लागली, खूर गरम लागला, पायाची सूज वर चढली किंवा ताप ३८.५ सेल्सिअसच्या वर गेला तर मात्र इथे विचारत बसू नका, लगेच डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय ना?

धागाकर्ता:
इंजेक्शन झालंय. बारा दिवसांनी अपडेट देतोय, उशिराबद्दल सॉरी. तबेल्याच्या एका कोपऱ्यात उंचवटा करून जाड भुसा टाकला, रात्रभर तिथेच उभी असते. पायाच्या भेगा मिटल्या, मागच्या उजव्याला एक खपली राहिलीय. खुरातली वात पहिले चार दिवस काळी निघायची, काल जवळजवळ जशी घातली तशी निघाली, वास नाही. नालबंद म्हणाला नवीन फ्रॉग भरून यायला वेळ लागेल. पाठीवर केस फुटतायत बारीक बारीक. खोगीर कधी घालू?

प्रतिसाद १:
केसांतून उलटा हात फिरवा. एकही खपली बोटाला लागत नाही आणि दाबल्यावर ती अंग चोरत नाही, तोवर नाही. आणि खोगिराखालचं कापड आधी गरम पाण्यात धुवून पूर्ण वाळवा, नाहीतर परत पहिल्यापासून.