टेक्ससमधल्या गोदामातल्या मालावर प्रॉपर्टी टॅक्स?

सुगरणीचं_घरटं: मी पितळी दिवे आणि हातमागाच्या चादरी ऑनलाइन विकते. माल डॅलसजवळच्या भाड्याच्या गोदामात असतो. जागा माझी नाही, तरी अप्रेझल डिस्ट्रिक्टने (करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणारं स्थानिक कार्यालय) मालाचीच यादी मागितली आहे. दिवाळीनंतर उरलेलं सगळं 1 जानेवारीला तिथेच होतं! बहुतेक ऑर्डरी राज्याबाहेर जातात. काही सूट मिळते का?

खतावणी: ताई, टेक्ससमध्ये धंद्याचा साठाही करपात्र असतो, आणि 1 जानेवारीला जे हजर तेच मोजतात. पण 2026 पासून अशा मालमत्तेला 1,25,000 डॉलरपर्यंत सूट आहे, आधी मर्यादा फक्त 2,500 होती. आधी साठ्याची किंमत काढा, कदाचित पुढचं काही लागणारच नाही.

सुगरणीचं_घरटं: दादा, चादरी धरल्या तर आकडा वर जातो हो.

खतावणी: मग फ्रीपोर्ट बघा. राज्यात आल्यापासून 175 दिवसांत बाहेर गेलेल्या मालासाठी ती सूट. प्रमाण साधारणपणे मागच्या वर्षाच्या विक्रीवरून काढतात, म्हणून शिपिंगच्या नोंदी राज्यवार जपा. टेक्ससमधल्याच गिऱ्हाईकाला गेलेली चादर यात धरत नाहीत. अर्ज 30 एप्रिलपर्यंत. आणि तुमची काउंटी, शहर, शाळा-जिल्हा यांपैकी कोण ही सूट देतं ते वेगवेगळं विचारा. सगळे देत नाहीत, आणि बिलात शाळेचाच वाटा बहुधा मोठा असतो.

पश्चिम_किनारा: आमच्या कॅलिफोर्नियात विक्रीच्या साठ्यावर हा कर 1980 पासून नाही. बाकी सगळ्यावर आहे म्हणा!